पुरुषाच्या स्कर्टला खिसा कुठे लावायचा?

सुई-दोरा आणि सवाल : वाचकांचे प्रश्न, नाशिकच्या पंचवटीतल्या शिवणवाल्या काकूंची उत्तरं

गेल्या अंकात एका वाचकाने उन्हाळ्यात घालायला पुरुषांचा स्कर्ट शिवून मिळेल का, असं विचारलं होतं आणि मी दोन ओळींत 'का नाही मिळणार' एवढंच लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं आली की या महिन्यात ब्लाउजच्या बाह्या आणि पडद्यांच्या झालरी बाजूला ठेवल्यात. काही पत्रांत नुसती टवाळी होती, ती रद्दीत गेली. ज्यांना खरंच घालायचाय किंवा शिवायचाय, त्यांच्यासाठी पुढचं.

प्रश्न : मी चौतीस वर्षांचा, राहायला गंगापूर रोडला. काम कॉम्प्युटरवर, बहुतेक दिवस घरूनच. घट्ट जीन्सने जांघेत सारखं पुरळ येतं, म्हणून स्कर्ट घालायचं ठरवलं. ऑनलाइन बायकांचा मागवला. कंबर बसते तो मागून ढगळ होतो, मागून बसतो त्याची कंबर आवळते. शिवाय मोबाइल ठेवायला खिसाच नाही. शिवून घ्यायचा तर कापड किती लागेल आणि टेलरला नेमकं काय सांगू?

उत्तर : आधी पुरळाचं बघा. हवा खेळती राहिली तर घाम लवकर वाळेल, त्याचा फायदा होईलच. पण लालसर कडेचे गोल चट्टे असतील तर ते गजकर्ण असू शकतं, आणि ते कपड्याने जात नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. औषधाच्या दुकानातून कुणाला न विचारता आणलेल्या मलमात स्टेरॉइड असलं की चार दिवस बरं वाटतं आणि मग ते दुप्पट पसरतं. आता माझ्या खात्याकडे वळते.

बायकांचा स्कर्ट तुम्हाला बसणार नाही, कारण तो तुमच्या अंगासाठी बेतलेलाच नाही. बायकांच्या मापात कंबर आणि सीट (म्हणजे बसायच्या भागाचा घेर) यांत आठ-दहा इंचांचा फरक धरतात. पुरुषांत तो बहुतेकदा चार-सहा इंचांचाच असतो. त्यामुळे कंबरेखाली टक, म्हणजे कापडाला शिवलेली चिमटी, घेऊन जी जागा सोडलेली असते, ती तुमच्या अंगावर रिकामी लोंबते. त्यात तुम्ही मंडळी पँट बांधता बेंबीच्या बरीच खाली. म्हणून टेलरला पहिली गोष्ट ही सांगा : टक घालू नका आणि कंबर पँटची घ्या.

घेराचा हिशोब लुंगीवरून करा. शिवलेल्या लुंगीचा घेर साधारण २ मीटर असतो, म्हणजे ७८ इंच. तेवढ्यात माणूस मांडी घालतो, जिना चढतो, लांब पावलं टाकतो. स्कर्ट वर निमुळता असल्यामुळे त्याला थोडं कमी चालतं, पण खालचा घेर ७० इंचांच्या आत आणू नका. दुकानातला नमुना दाखवून टेलर ५० इंचांत बसवायला बघेल. तेवढ्यात उभं राहून फोटो छान येतो, पण रिक्षात चढायला गेलात की अडलात.

उंची गुडघ्याखाली चार बोटं. समजा तयार उंची २८ इंच झाली. वर नेफा आणि खाली दुमड यांचे मिळून ३ इंच, म्हणजे ३१. पुढचा एक आणि मागचा एक असे दोन भाग, खाली प्रत्येकी ३५-३६ इंच रुंद. ४४ इंची पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, एकेक भाग आरामात निघतो. ३१ दुणे ६२ इंच, म्हणजे दीड मीटरच्या जरा वर. खिसे, पट्टी आणि कापड आटण्याची सोय धरून २ मीटर आणा. कापड मात्र मुठीत दाबून बघा. मेन रोडच्या दुकानात पॉपलिन पहिलं पुढे करतील. ते पंख्याच्या वाऱ्यानेही उडतं, आणि फिक्या रंगाचं असलं तर उजेडात पाय दिसतात. हलकं ड्रिल किंवा जाडसर खादी घ्या. रात्रभर पाण्यात घालून, वाळवून मगच टेलरकडे द्या. नाहीतर २८ची २६ होईल आणि दोष शिवणाऱ्याच्या माथी येईल.

आता खिसा. आमचे हे चाळीस वर्षं पँटी शिवत आले. ते म्हणतात, पुरुष माणूस कपडा घातला की आरशात नंतर बघतो, आधी खिशात हात घालतो. स्कर्टचं अर्धं यश खिशात आहे. मोबाइल २०० ग्रॅमच्या आसपास, त्यात किल्ल्या आणि पाकीट. सगळीकडून इलास्टिक असलेल्या कंबरेला एवढं वजन लावलं की एका बाजूने स्कर्ट खाली येणारच. म्हणून पुढची कमरपट्टी सपाट ठेवायची, आत बकरम (पट्टी ताठ ठेवणारं कडक कापड) घालायचं, आणि इलास्टिक फक्त मागच्या अर्ध्यात. आतून नाडी असावी, बाहेरून पट्ट्यासाठी लूप असावेत. खिशाची पिशवी बाजूच्या शिवणीत नुसती लोंबती ठेवू नका. तिचा वरचा काठ कमरपट्टीतच धरून शिवायचा, म्हणजे वजन पट्टी पेलते, शिवण ताणत नाही. तोंड पँटसारखं तिरपं, साडेसहा इंचांचं. पिशवी तोंडाच्या खाली सात इंच खोल.

एवढ्यावर थांबलात तरी दोन कटकटी उरतात. चालताना भरलेला खिसा मांडीवर आपटत राहतो, कारण पँटीत पाय त्याला धरून ठेवतो तसं इथे काही नसतं. पिशवीच्या खालच्या कोपऱ्याला दोन इंचांची फीत लावून ती बाजूच्या शिवणीला आतून टाचा, मग तो झुलत नाही. दुसरं, खुर्चीत बसलं की खिसा आडवा होतो आणि मोबाइल सरकून सोफ्याच्या फटीत जातो. त्यासाठी तोंडाला चेन लावा. टिचबटणं लावली तर ती बसताना सुटतात.

आतून सुती हाफ पँट किंवा सायकलवाले घालतात तशी घट्ट चड्डी हवीच. मांड्या एकमेकींना घासून सोलतात, हे पँटवाल्यांना माहीत नसतं, कुठल्याही बाईला विचारा. आणि पुरळ मांडीच्या सांध्यात असेल तर ती चड्डी रोज बदला, नाहीतर स्कर्टचा उपयोग शून्य.

प्रश्न : काकू, माझं सिन्नरला टेलरिंगचं दुकान आहे, जेन्ट्‌स स्पेशालिस्ट. तुमच्यामुळे एक गिऱ्हाईक स्कर्ट मागायला आलं. पँटची सगळी मापं घेतली, पण शिवून दिल्यावर ते म्हणतात जमिनीवर बसता येत नाही. घेर ६० ठेवला होता. कुठे कमी पडलं?

उत्तर : दादा, माप उभ्याने घेतलंत, तिथे कमी पडलं. पँटीला दोन पाय असतात, त्यामुळे उभ्याचं माप पुरतं. स्कर्टचं गिऱ्हाईक सतरंजीवर मांडी घालून बसवायचं आणि एका गुडघ्याच्या बाहेरून दुसऱ्या गुडघ्याच्या बाहेरपर्यंत टेप धरायची. मध्यम बांध्याच्या माणसाचं ते ३०-३२ इंच भरतं. त्याची दुप्पट, वर सहा इंच ढिलाई, हा तुमचा खालचा घेर; ७०च्या आत आला तर ७० धरा. उंच माणूस असेल तर हे माप ३४ वरही जातं. त्याला ६० इंचांत बसवलंत तर स्कर्ट मांडीवर गोळा होणारच.

आता शिवलेला वाया घालवू नका. बाजूच्या दोन्ही शिवणी खालून नऊ इंच उसवा आणि प्रत्येकीत एक तिकोनी कळी घाला, खाली सहा इंच रुंद. घेर ७२ होईल. त्याच कापडाचा तुकडा उरला नसेल तर गडद रंगाची वेगळी घाला, मुद्दाम केल्यासारखी दिसते. नुसता कट देऊन मोकळे होऊ नका. मांडी घातली की कट उघडतो आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

कंबरेची चेन पुढे नको. सपाट पट्टीवर पुढची चेन बसली की फुगते. डाव्या बाजूला लावा, वर पँटचा मोठा हूक.

प्रश्न : मी रोज सिडकोतून सातपूरला बाइकने जातो. स्कर्ट घालून बाइक चालवणं धोक्याचं आहे का? कंपनीत मशीनवर काम आहे, तिथे घालू शकतो का? आणि पावसाळ्यात काय?

उत्तर : मशीनवर अजिबात नाही, त्यात 'पण' नाही. फिरत्या यंत्राजवळ घट्ट बसणारे कपडे घालायचे, हे १९४८च्या कारखाने कायद्यातच लिहिलेलं होतं. मोकळं कापड फिरत्या शाफ्टला लागलं तर माणूस ओढला जातो. ओढणी असो, धोतर असो, स्कर्ट असो, यंत्राला सगळं सारखंच. कामाच्या ठिकाणी पँट, सुटीच्या दिवशी स्कर्ट.

बाइकचं मात्र जमतं. आपल्याकडे साडी नेसून लाखो बायका मागे बसतात म्हणून १९८९च्या मोटार वाहन नियमांत, नियम १२३ मध्ये, मागचं निम्मं चाक झाकणारं संरक्षण सक्तीचं केलंय. त्यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. तुम्ही ते गाडी चकाचक दिसावी म्हणून काढून टाकलं असेल तर आधी परत लावून घ्या. गाडीची चेन उघडी असेल तर चेन कव्हरही. घोट्यापर्यंतचा स्कर्ट बाइकवर नकोच. गुडघ्याखाली चार बोटंवाला बरा. टांग टाकताना पुढचा घेर एका हाताने उचलायचा, बसल्यावर दोन्ही बाजूंनी मांडीखाली दाबायचा. स्कूटर असेल तर टांग टाकायचीच नाही, तिथे काम सोपं. सायलेन्सर उजव्या बाजूला असतो, पोटरी उघडी राहिली तर भाजते. लांब मोजे घाला.

वाऱ्यासाठी एक युक्ती सांगते, ती आमच्याच धंद्यातली आहे. दुमडीच्या आतून साडीचा फॉल लावायचा. फॉल मिळतो तीन मीटरच्या आसपास, तुमच्या घेराला तो पुरून उरतो. आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात काठ आक्रसतो. खालच्या बाजूने मशीन मारा, वरचा काठ हाताने तुरपा. काठाला वजन येतं आणि मागून येणारी बस शेजारून गेली तरी स्कर्ट जागेवर राहतो. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना जो वारा लागतो, त्यालाही हा फॉल पुरतो. आमच्या एका गिऱ्हाइकाने करून बघितलंय. शिसाचे मणी काठात घालायला सांगणारे लोक आहेत, त्यांचं ऐकू नका. धुताना मणी एका कोपऱ्यात जमतात, आणि शिसं कपड्यात हवंय कशाला?

पावसात खादी नको. ओली झाली की जड होते, दिवसभर वाळत नाही. त्या चार महिन्यांसाठी टेरिकॉटचा गडद रंगाचा एक वेगळा शिवून ठेवा. रेनकोटची पँट स्कर्टवरून चढत नाही, म्हणून पोटरीपर्यंतचा पॉन्चो, म्हणजे डोक्यातून घालायचा मोकळा रेनकोट, घ्या. चपलेने उडणारा चिखल मागच्या काठावरच बसतो. वाळू द्या, मग ब्रशने झटका. ओला असताना चोळलात तर डाग आत जातो.

प्रश्न : माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. तो सोसायटीत, कॉलेज रोडला, सगळीकडे स्कर्ट घालून फिरतो. शेजारच्या वहिनी मला विचारतात. डिसेंबरात माझ्या पुतणीचं लग्न आहे, तिथेही तो स्कर्टच घालणार म्हणतो. त्याचे वडील त्याच्याशी या विषयावर बोलतच नाहीत. काय करू?

उत्तर : ताई, शेजारच्या वहिनींना काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. माझे सासरे धोतर नेसून सायकलवरून पंचवटी ते देवळाली जात. त्यांना कुणी कधी टोकलं नाही. न शिवलेलं पाच वार नेसलं तर पुरुष, आणि तेच कापड शिवून घातलं की लाज, हे गणित मला आजवर सुटलेलं नाही. मुलगा स्वच्छ राहतो, वेळेवर घरी येतो, कुणाच्या अध्यात-मध्यात नाही, तर माझ्या मते वहिनींना चहा पाजा आणि विषय बदला.

त्याचे वडील बोलत नाहीत, हे मात्र मला स्कर्टपेक्षा जास्त खटकलं. लग्नाआधी घरात काय तो वाद होऊ द्या, मांडवात नको. आणि एक करा. जिचं लग्न आहे त्या मुलीलाच विचारा. तिला चालत असेल तर काका-मामांना चालवून घ्यावं लागेल. तिला नको असेल तर मुलाने त्या एका दिवसापुरतं धोतर नेसावं. तिचा दिवस आहे, त्याचा नाही.

चालणार असेल तर नीट शिवा. लग्नात खटकतं ते घरातलं चुरगळलेलं घालून आलेलं. जाड सिल्क-कॉटन, एक रंग, उंची घोट्याच्या वर तीन बोटं, आतून पूर्ण अस्तर. अस्तर सुती घ्या. नायलॉनचं डिसेंबरच्या कोरड्या हवेत पायाला चिकटतं आणि चटचट करतं. वर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता घालू नका. दोन्हीचे काठ जवळजवळ आले की माणूस बुटका दिसतो. सीटपर्यंतचा आखूड कुर्ता आणि त्यावर जाकीट घाला. येवल्याहून पैठणीचे काठ आणून लावायची हौस येईल, ती आवरा. लग्नात पैठण्या भरपूर असतात, आणखी एक नको. पायात कोल्हापुरी. निफाडकडे लग्न असेल तर आत गरम चुडीदार घाला, तिकडे डिसेंबरात रात्री थंडी मी म्हणते.

प्रश्न : मला स्कॉटलंडचा किल्ट शिवून हवाय. नाशकात होईल का?

उत्तर : होईल, पण मी शिवणार नाही. खरा किल्ट म्हणजे ८ यार्ड लोकरी कापड, म्हणजे सव्वासात मीटर. दुहेरी पन्ह्याचं ४ यार्ड घेऊन ते मधून फाडतात आणि जोडतात. पुढे दोन सपाट पदर एकमेकांवर, सगळ्या चुण्या मागे. त्या चुण्या अशा घालतात की चौकड्यांची नक्षी मागेही तुटू नये. हे काम हाताने करतात आणि शिकायला वर्षं जातात. शिवाय खिसा नाहीच, म्हणून पुढे चामड्याची पिशवी लटकवतात. किल्टच्या पुढे मोठी पिन दिसते ना, ती फक्त वरच्या पदराला लावायची. दोन्ही पदरांत टोचली तर बसताना कापड फाटतं. इंग्रज सरकारने १७४६ साली या पोशाखावर बंदी घातली आणि १७८२ मध्ये उठवली. आता तो लग्नाकार्यात मिरवतात. एवढी लोकर घालून एप्रिलात आपल्या शालिमार चौकात उभे राहाल तर घेरी येईल.

त्याऐवजी फिजी बेटांवरचे पुरुष स्कर्टसारखा घालतात तो सुलू बघा. तो आपल्या हवेला जुळतो. शिवलेला, खिशांचा, पट्ट्याचा. तिथले पोलीस गणवेश म्हणून घालतात, खालचा काठ करवतीसारखा कातरलेला असतो. तसा महागड्या सुटिंगऐवजी साध्या ड्रिलमध्ये मी खुशाल शिवून देईन. काठ मात्र सरळ ठेवेन, त्या दात्यांना पाइपिंग करायला माझे डोळे आता साथ देत नाहीत.

प्रश्न : हसू नका काकू. ऑफिसच्या टॉयलेटमध्ये काय करायचं?

उत्तर : हसत नाही, सगळ्यांच्या मनात आहे आणि विचारलंत एकट्या तुम्ही. उभ्याच्या ठिकाणी पुढचा काठ पूर्ण वर उचलून हनुवटीखाली दाबणारे आहेत, त्याने वरचा शर्ट भिजतो. बरं पडतं ते बंद दाराच्या संडासात बसून. काठ चारी बाजूंनी उचलायचा, गोळा करून पोटापाशी एका हातात धरायचा, मग बसायचं. बसल्यावर उचलायला गेलात तर मागचा काठ भांड्यात जातो. भारतीय पद्धतीच्या संडासात तर मागचा काठ दोन पायांमधून पुढे ओढून घ्या, आमच्या पिढीतल्या बायका परकराचं तसंच करायच्या. दाराला आतून खुंटी नसेल तर मोबाइल आधी खिशातून काढून शर्टच्या खिशात घाला, चेन लावलेली असली तरी. आणि बाहेर येताना मागून एकदा हात फिरवा, काठ आतल्या चड्डीच्या इलास्टिकमध्ये अडकलेला असतो.